मॅम दुलियांचं वाक्य

नेरिसाने कॉल सेंटरची नोकरी सोडली तेव्हा तिचा नवरा रॉडेल एवढंच म्हणाला की निदान आता तुझा आवाज तरी परत येईल. बरीच वर्षं ती इलोइलो शहरात बसून परदेशातल्या लोकांच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकत होती. जीपने मियागावला घरी पोहोचेपर्यंत तिच्या घशातून नुसती हवा निघायची. लिहिण्याचं काम तिने आधी सुट्टीच्या दिवशी करून पाहिलं होतं. कुठल्या तरी दूरच्या देशात एक माणूस इंटरनेटवर कुत्र्यांच्या गाद्या विकत होता आणि प्रत्येक गादीबद्दल त्याला इंग्रजीत चार गोड ओळी हव्या होत्या. नेरिसाचं कुत्रं जिन्याखाली वाळूत झोपायचं. तरी तिने अशा ओळी लिहिल्या की त्या माणसाने मांजरांच्या गाद्यांचंही काम तिलाच दिलं. तिला वाटलं, जमेल आपल्याला.

जमलंही, पण ते सरळ कधीच चाललं नाही. कधी एकाच आठवड्यात दातांचा डॉक्टर, लग्नातली भाषणं, मधुमेहाचा आहार असं सगळं अंगावर यायचं आणि ती भात गॅसवर करपवायची. कधी महिना महिना कोणी विचारायचं नाही. एका माणसाने तर आहाराचं अख्खं पुस्तक लिहून घेतलं आणि तो असा गायब झाला की जणू जन्मलाच नव्हता. पत्ता नाही, फोन नाही, फक्त एक बंद पडलेलं खातं. नेरिसा कोणालाही नाही म्हणायला घाबरायची. आज नाही म्हटलं तर उद्यापासून कोरड पडेल असं तिला सारखं वाटे. रॉडेल पाणीपुरवठा कचेरीत मीटर वाचायला जायचा. त्याच्या पगारावर घर तगून राहायचं आणि तिच्या कमाईवर मधूनमधून जरा हसायचं. शेजारच्या बायकांना मात्र ठाम वाटत होतं की ही दिवसभर घरात बसून फेसबुक बघते. मासळीबाजारात एकदा एकीने विचारलंच, काय गं, तुझं ते बसायचं काम बरं चाललंय ना?

मग मेलबर्नची फिओना भेटली आणि दिवस पालटले.

फिओनाची कंपनी वृद्धाश्रम चालवायची. घरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या लोकांसाठी त्यांची एक वेबसाइट होती आणि तिच्यावर रोज नवा मजकूर लागायचा. आजोबा जेवत नसतील तर काय करावं, आजी रस्ता विसरत असेल तर काय करावं. काम इतकं होतं की एकटीला झेपेना. नेरिसाने समोरच्या खोलीतला सोफा दिराला देऊन टाकला, तिथे तीन टेबलं लावली आणि मावसबहीण आनालीनला बोलावून घेतलं. मेलबर्नचं घड्याळ मियागावच्या पुढे चालतं, म्हणून पहाटे कोंबडे आरवायला लागले की या दोघी कॉफी आणि पांदेसालचा पाव घेऊन बसायच्या. तिसऱ्या टेबलावर आनालीनचं बाळ आणि सगळ्या वायरी असायच्या.

एके सकाळी दाराशी मॅम दुलिया येऊन उभ्या राहिल्या.

ओबदुलिया नुफाब्ले हे त्यांचं पूर्ण नाव. गावातल्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवलं, म्हणजे चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी उभं केलेलं होतं. नेरिसालाही. इस्त्रीचा फ्रॉक, हातात छत्री, केसांत तेल. नवऱ्याला, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या सिम्प्लिसिओंना, झटका आल्यापासून त्यांनी एकटीने सांभाळलं होतं. ते आदल्या वर्षी गेले. आता घरात करायला काही उरलं नव्हतं.

“ऐकलं, तू लोकांना लिहायला बसवतेस,” मॅम म्हणाल्या.

“हो मॅम. बसा ना.”

“बसते. पण कुठल्या टेबलावर?”

नेरिसाने बाळाला उचललं, वायरी खाली सारल्या आणि तिसरं टेबल रिकामं करून दिलं. दुसरं काही करणं तिला शक्यच नव्हतं. आनालीन तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणायची; नंतर स्वयंपाकघरात ती म्हणाली, “मानांग नेर, तू मालकीण आहेस ना? मग त्या आल्या तेव्हा तू उभी का राहिलीस?” नेरिसा म्हणाली, तूपण उभी होतीस.

मॅम दुलिया मन लावून लिहायच्या. एकही चूक नसायची. आणि एकही वाक्य कोणी वाचलं नसतं. त्या लिहायच्या ते काहीसं असं: ‘रुग्णपरिचर्या करणाऱ्या व्यक्तीने सर्वप्रथम धैर्याचा अवलंब करणे इष्ट होय.’ पहिलाच मजकूर फिओनाने परत पाठवला. खाली अगदी गोड शब्दांत लिहिलं होतं की हे जरा जुन्या सरकारी पत्रकासारखं वाटतंय. नेरिसाने ते वाचलं आणि वर पाहिलं. समोर मॅम चष्मा पुसत बसल्या होत्या, दुसऱ्या लेखाला हात घालायच्या तयारीत.

तिला सांगता आलं नाही. तिने आंघोळीला जाते म्हणून लॅपटॉप आत नेला आणि पलंगावर बसून तो मजकूर पुन्हा लिहिला. मॅमच्या नावाने पाठवला. फिओनाला फार आवडला.

तेव्हापासून तेच सुरू झालं. मॅम दुपारी जेवायला घरी गेल्या की नेरिसा त्यांचा सकाळपासूनचा मजकूर उघडायची आणि मोडून पुन्हा बांधायची. आपलं स्वतःचं काम त्यानंतर. आनालीनला हे कळायला वेळ लागला नाही. तिने सरळ सांगितलं की मॅमना लसवाचं, म्हणजे भाज्यांच्या पातळ कालवणाचं, एक भांडं देऊन घरी पाठव, एवढा जीव काढू नकोस. पण नेरिसाला दिसत होतं की मॅम आता चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात, आणि कोणी विचारलं तर ‘मी कामाला जाते’ असं ट्रायसिकलवाल्यालासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात.

शिवाय दुसरंही एक होतं. त्या सरकारी पत्रकांच्या पोटात कुठे तरी एखादी ओळ असायची, जी नेरिसाला कधी सुचली नसती. मॅमनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली. एकदा ‘रुग्णाच्या वैयक्तिक वस्तूंविषयी आदर’ असल्या मथळ्याखाली, पाचव्या परिच्छेदात, त्यांनी लिहिलं होतं की त्यांचे पती मनगटावर घड्याळ बांधल्याशिवाय आंघोळ घालू देत नसत, म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी लागे. नेरिसाने ती ओळ उचलून सगळ्यांत वर ठेवली. मग तिच्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरून आले. काहीतरी चांगलं लिहिलं गेल्याची भावना तिला फार दिवसांनी आली होती, आणि तेही दुसऱ्याच्या नावाखाली. याचा विचार करायला मात्र तिला वेळ नव्हता, आनालीनचा मजकूर तपासायचा राहिला होता.

असं वर्षभर चाललं. नेरिसाच्या मानेत कायमची एक शीर धरली. रॉडेल रोज तेल चोळून द्यायचा आणि विचारायचा, तू तिघींचं काम करतेस तर घरात तिघी कशाला? ती म्हणायची, गप्प चोळ.

एका गुरुवारी फिओनाने सगळ्यांना एकत्र व्हिडिओ कॉलवर बोलावलं. असं ती कधी करत नसे. तिघी एकाच लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसल्या. मॅम मधे, कारण त्यांना कडेला बसवणं बरं दिसलं नसतं. फिओना लिपस्टिक लावून बसली होती. आधी तिने मियागावच्या हवेची चौकशी केली. मग म्हणाली की कंपनीने यापुढे बहुतेक मजकूर यंत्राकडून लिहून घ्यायचं ठरवलंय. वाईट वाटतंय, पण निर्णय वरून आलाय. आनालीनने टेबलाखाली नेरिसाचा गुडघा दाबला. फिओना पुढे बोलत राहिली. एका लेखिकेला मात्र ते ठेवणार होते, कारण तिच्यासारखं यंत्राला जमत नाही असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. ती लेखिका म्हणजे ओबदुलिया.

नेरिसाचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात छोटासा दिसत होता. तो हसत होता. हे तिला स्वतःलाच दिसलं.

फिओना म्हणाली, तुमचं एक वाक्य मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर आईच्या फोटोशेजारी लावलंय, आणि तिने ते वाचून दाखवलं. “‘मी त्याच्या मनगटावर घड्याळ बांधायचे, कारण वेळ अजून त्याच्या हातात आहे असं त्याला वाटावं, एवढंच मला त्याच्यासाठी करता येण्यासारखं उरलं होतं.’ ओबदुलिया, माझी आई गेली तेव्हा मी हे वाक्य वाचलं. मी तुमची ऋणी आहे.”

मॅम दुलियांनी मान किंचित झुकवली. शाळेच्या समारंभात हार घालून घेताना झुकवायच्या तशी. आईबद्दल वाईट वाटलं असं त्या शुद्ध इंग्रजीत म्हणाल्या, विचार करून कळवते म्हणाल्या, आभार मानले. नेरिसाने लॅपटॉप मिटला. आनालीन बाळाला घेऊन अंगणात निघून गेली.

“माझे मूळ मजकूर आहेत तुझ्याकडे?” मॅमनी विचारलं.

“मॅम, मी तुम्हाला सांगणारच होते…”

“सगळे बदललेस?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

नेरिसाने मान डोलावली. मॅमनी छत्री उचलून मांडीवर आडवी ठेवली.

“मी तुला शाळेत कधी नापास केलं?”

“दुसऱ्या वर्षी. एकदा.”

“तोंडावर केलं ना? वर्गात सगळ्यांसमोर तुझी वही तुझ्या हातात दिली. रडलीस, पण तुला कळलं तुझं काय चुकलं ते. तू मला वर्षभर पास करत राहिलीस, पोरी. कीव आली म्हणून.”

“कीव नव्हती मॅम.”

“मग भीती असेल. त्याने काही फरक पडत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मजकूर सरळ केलास, ते ठीक. माझं लिहिणं जड आहे, मला माहीत आहे, सिम्प्लिसिओसुद्धा म्हणायचे. पण ते वाक्य. ते खरं नाही. मला असलं काही वाटलं नव्हतं. ते घड्याळासाठी हात घट्ट धरून ठेवायचे आणि बादलीतलं पाणी गार होत जायचं. मला त्यांचा राग यायचा. एकदा मी त्यांच्या हातावर चापट मारली. आणि ती बाई माझं कौतुक करतेय, आईच्या फोटोशेजारी मला लावून.”

नेरिसा म्हणाली, वाक्य चांगलं होतं.

“चांगलं होतंच,” मॅम उठत म्हणाल्या. “म्हणून तर जास्त वाईट.”

त्यांनी फिओनाला स्वतः पत्र लिहिलं, त्यांच्या त्या जुन्या पद्धतीच्या इंग्रजीत. सदर लेखन आपले नसून आपल्या माजी विद्यार्थिनीचे आहे, सबब ही नियुक्ती स्वीकारणे आपणास शक्य नाही. फिओनाचं उत्तर आलं ते गोड होतं आणि त्यात काहीच नव्हतं. आपण संपर्कात राहू, असं शेवटी होतं. नेरिसाने तिला लिहून विचारलं की मग ते काम मला मिळेल का, कारण लिहिणारी मीच होते. त्यावर उत्तर आलं नाही. आठवड्याभरात त्या तिघींची खाती बंद झाली.

समोरच्या खोलीतली दोन टेबलं विकली. आनालीन बाळाला आईकडे ठेवून शहरात कॉल सेंटरला लागली, नेरिसाच्या जुन्याच मजल्यावर. नेरिसा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत सकाळी सभांचे वृत्तान्त लिहायला जाऊ लागली. तिथे वाद खताच्या पोत्यांवरून व्हायचे आणि तिने लिहिलेलं कोणी वाचायचं नाही. तिला ते बरंच वाटायचं. दुपारी घरी येऊन ती झोपायची. नुसती झोपायची, महिनोन्महिने साठलेली झोप. रॉडेल कामावरून आला की भात तोच लावायचा. त्याने एकदा विचारलं की आता पुन्हा काही शोधणार का. ती म्हणाली, आत्ता मला कोणी कुत्र्याच्या गादीवर लिहायला सांगितलं तर मी तिच्यावर झोपेन.

मॅम दुलिया चर्चमध्ये दिसायच्या. पुन्हा मागच्या बाकावर. नेरिसाने मान लववली की त्याही लववायच्या, पण छत्री दोघींच्या मधल्या बाजूला धरायच्या. उपासाचे चाळीस दिवस गेले, ईस्टर झाला, त्या बोलल्या नाहीत.

काम आलं ते अचानक. सेबूमध्ये एक गृहस्थ परदेशात म्हाताऱ्यांची देखभाल करायला जाणाऱ्या मुलींसाठी शिकवणी वर्ग चालवायचे. त्यांना मुलींच्या हातात द्यायला एक पुस्तिका हवी होती, सोप्या भाषेत. त्यांना कोणीतरी नेरिसाचं नाव सांगितलं होतं. मोबदला फिओनाच्या मानाने हसू येईल असा. नेरिसाने होय म्हणायच्या आधी पहिल्यांदाच एक दिवस मागून घेतला आणि संध्याकाळी ती मॅम दुलियांच्या घरी गेली.

मॅम अंगणात वांगी भाजत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पण चुलीपाशी दुसरं स्टूल होतं. नेरिसा त्यावर बसली. काम काय आहे ते तिने सांगितलं. मग म्हणाली, “मला नुसतं लिहिता येतं मॅम. पण मी कोणाला अंघोळ घातलेली नाही.”

“मग यंत्राला विचार.”

“त्यानेही घातलेली नाही.”

मॅमनी वांगं उलटलं. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्या हसल्या नाहीत.

“माझं वाक्य बदलायचं असेल तर मला समोर बसवून बदलायचं,” त्या म्हणाल्या. “आणि जे मला वाटलं नाही ते मला वाटायला लावायचं नाही.”

“बरं.”

“आणि मुलींना आधीच सांगायचं, की राग येईल.”

“त्यांना ते चालणार नाही मॅम. ते गृहस्थ म्हणतील मुली घाबरतील.”

“घाबरू देत. मी घाबरले नव्हते म्हणून त्या दिवशी चापट मारली.”

दोघी रोज दुपारी मॅमच्या स्वयंपाकघरात बसू लागल्या. काम भयंकर सावकाश व्हायचं. मॅम एक शब्द धरून बसायच्या आणि नेरिसा तो सोडवून घ्यायला बघायची. ‘परिचर्या’ घालवायला एक दुपार गेली. कधी मॅम चिडून म्हणायच्या, मी तुला हे शिकवलं नव्हतं. मग नेरिसाही चिडायची आणि म्हणायची, म्हणूनच तर माझं पोट भरलं. एकदा तर मॅमनी तिला घराबाहेर काढलं आणि तासाभराने ट्रायसिकलवाल्याच्या हाती वाफेवर शिजवलेल्या चिकट भाताची गुंडाळी पाठवून दिली, वर निरोप, उद्या लवकर ये. नेरिसाच्या मानेतली शीर पुन्हा दुखायला लागली. पण रॉडेलने तेल चोळताना तिघींच्या कामाची गोष्ट काढली नाही.

पुस्तिका सेबूला गेली. त्या गृहस्थांचं उत्तर आलं की सगळं उत्तम आहे, फक्त रागाबद्दलचं पान काढून टाका. शिकवणीला येणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील ते वाचून बिचकतील. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने काढ म्हटलेलं नेरिसाने ठेवलं असं कधी झालं नव्हतं. गाद्यांपासून आजोबांपर्यंत तिने सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं. ती लॅपटॉप घेऊन मॅमकडे गेली आणि उत्तर त्यांना वाचून दाखवलं.

मॅम म्हणाल्या, “तू ठरव. तुझं गिऱ्हाईक आहे.”

नेरिसाला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. ओरडायचं तेव्हा ही बाई ओरडत नाही. तिने तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलावर, लिहिलं: ते पान राहील. नसेल चालणार तर पुस्तिका परत घेतो. दोघींच्या नावाने सही केली. पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

दोन दिवस काही आलं नाही. ती संस्थेत खताचे वृत्तान्त लिहीत राहिली आणि चुकून दोनदा एकाच शेतकऱ्याला अध्यक्ष करून बसली. तिसऱ्या दिवशी सेबूहून निरोप आला की वर्ग सोमवारी सुरू होतोय, छापखाना थांबलाय, राहू दे तुमचं पान. एवढंच. पटलं म्हणून नव्हे, वेळ नव्हता म्हणून.

नेरिसाने हे मॅमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की चालेल, मुलींना वाचायला मिळाल्याशी मतलब. मग विचारलं, पुढचं काम कधी येणार?

“माहीत नाही मॅम. कधी येतं, कधी येत नाही.”

“आणि तोवर?”

“तोवर वाट बघायची.”

“इतकी वर्षं हेच करतेस?”

“हेच.”

मॅमनी तिच्याकडे चष्म्यावरून नीट पाहिलं. पेपर तपासताना एखाद्या उत्तराशी थांबावं तसं. मग म्हणाल्या, “दमलेली दिसतेस. जा, आत पलंगावर पड थोडा वेळ. चादर धुतलेली आहे.”

ती जाऊन पडली. बाहेर मॅम भांडी घासत होत्या, आणि त्यांच्या रेडिओवर कोणी तरी सावकाश बाजारभाव वाचत होतं.